मूळ गाव

मे महिना लागला की आमची चाळ रिकामी व्हायची. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी वळकट्या, ट्रंका, वाटेत खायला दशम्या आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन घरंच्या घरं गावाला निघायची. राजापूर, लांजा, देवगड, कणकवली. आजीच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून बोट होती, आमच्या वेळी एसटी. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या त्या चाळीत आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडं होती आणि मे महिन्यात त्यातलं एकच जागेवर असायचं. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या आंटींचं.

आंटींच्या दाराच्या आतल्या बाजूला एक लाकडी पट्टी होती, खिळे ठोकलेली. गावाला निघताना प्रत्येक घर आपली किल्ली तिथे अडकवून जायचं. किल्ल्यांची गल्लत होऊ नये म्हणून आंटींनी त्यांना वेगवेगळ्या रंगांची लोकर बांधली होती. आमची हिरवी. शेवटच्या खिळ्यावर मात्र एक जुनी, गंजून तांबूस झालेली मोठी किल्ली बाराही महिने लटकत असायची. तिला लोकर नव्हती. ती कुणाची, हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही.

आम्ही तिकडे फणस फोडत असायचो आणि इथे आंटी रोज संध्याकाळी अकरा दारांतल्या अकरा तुळशींना पाणी घालत असायच्या. पावसाच्या तोंडावर आम्ही परत यायचो तेव्हा तुळस हिरवीगार. आई फणसपोळी आणि कुळथाचं पीठ त्यांच्या हातात ठेवायची.

असंच एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, पिशवी त्यांना देताना विचारलं, "आंटी, तुमचं गाव कुठलं?"

"माझगाव."

"ते नाही हो. तिथे तर आपण राहतो. मूळ गाव?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "तेच सांगितलं ना गो."

मला वाटलं, आंटींना प्रश्न कळला नाही.

हा प्रश्न आपण मराठी माणसं किती सहज विचारतो. गाडीत शेजारी बसलेल्याला, लग्नात पंगतीतल्या अनोळखी माणसाला. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की तालुका, आणि तालुका एक निघाला की लगेच नातं लागतं. यात आपुलकी असते, हे मी मनापासून मानते. मीही आयुष्यभर हेच विचारत आले. पण याच प्रश्नाच्या उत्तरावरून शेजारच्या घरातल्या माणसाला एकदा गाडीत भरून नेलं होतं, हे कळायला मला तिशी गाठावी लागली.

आंटींचे वडील बोटीवर सुतार होते. चीनमधल्या कँटनकडचे. आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर, नवाब टँक रोडला, 1919 साली बांधलेलं चिनी देऊळ आहे, सी यप कून. बाहेरून पाहिलं तर साधं जुनं घर. लाकडी जिना चढून वर गेलं की लाल रंग, उदबत्त्यांचा धूर आणि क्वान कुंगची मूर्ती. हा तिसऱ्या शतकातला सेनापती. दिलेल्या शब्दासाठी जगला, म्हणून लोकांनी त्याला देव केला. सी यप म्हणजे चार परगणे, कून म्हणजे मंडळाची जागा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले हे चार परगणे. तिथली माणसं कॅलिफोर्नियात रेल्वेचे रूळ टाकायला गेली, आग्नेय आशियात गेली, आणि काही बोटींवरून मुंबईच्या गोदीत उतरली. वर देव आणि खाली खलाशांना पाठ टेकायला जागा, अशी त्या घराची मांडणी.

ती मांडणी मला पहिल्यांदा नीट कळली तेव्हा मी जिन्यातच उभी राहिले. कारण ही आमचीच होती. माझगाव-धोबीतलावला गोव्याच्या तारवट्यांचे कूड होते. एकेका गावाचा एक कूड, भिंतीला लागून ओळीने ट्रंका आणि वर गावच्या संताची वेदी. माझे आजोबा मुंबईला आले ते गावकीच्या खोलीत उतरले. वीस माणसं, पाळीपाळीने झोपायचं, आणि कोनाड्यात ग्रामदेवतेची तसबीर. तीन मुलखांतली माणसं एकाच बंदराला लागली आणि तिघांनीही तेच केलं, परक्या शहरात आपल्या गावाच्या नावाची एक खोली घेतली आणि तीत आपला देव बसवला. आजोबांच्या मुंबईकर असण्यावर पुढे कुणी बोट ठेवलं नाही. आंटींच्या वडिलांच्या ठेवलं.

आंटींचे यजमान, आमचे अंकल, शिलाँगचे. जात हक्का. चायनीजच्या प्रत्येक गाडीवर "हक्का नूडल्स" असं लिहिलेलं असतं, पण हक्का हे माणसांचं नाव आहे, ते मला अंकलनी सांगितलं. अर्थ, पाहुणे घराणं. हे लोक काही शतकांपूर्वी उत्तर चीनमधून दक्षिणेत आले, आणि तिथल्या आधीच्या लोकांनी त्यांना पाहुणे म्हटलं ते कायमचं. म्हणजे चीनमध्येही पाहुणेच. तिथून कोलकात्याला आले, टांग्र्याच्या दलदलीत चामडं कमवायला लागले. कुणी आसामात, कुणी शिलाँगला जाऊन बूट शिवायला बसले.

आंटी कँटनी घरातल्या, अंकल हक्का. बाहेरच्याला दोघं सारखेच चिनी, पण मराठी आणि बंगालीत जितकं अंतर तितकंच या दोन भाषांत. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. त्यामुळे त्या घरात नवरा-बायको आपसात हिंदी बोलायचे. भांडायचे हिंदीत, हिशेब हिंदीत. पोरांवर ओरडायचं झालं की आंटी मराठीत शिरायच्या, तेही आमच्या मजल्यावरच्या, मालवणी हेल असलेल्या मराठीत. अंकल एकटे बसले की खासी भाषेतलं काहीतरी गुणगुणायचे. चिनी संस्कृती जपणं वगैरे आपण बोलतो, तेव्हा नक्की कुठली जपायची? बीजिंगची भाषा त्या घरात कुणालाच येत नव्हती. एकदा देवळात चीनहून आलेले काही पाहुणे भेटले. ते आंटींशी मँडरिनमध्ये बोलायला लागले, आंटींनी कँटनीत उत्तर दिलं, ते त्यांना समजेना. शेवटी हातवाऱ्यांवर निभावलं. जाताना त्यांतल्या एका बाईने मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही आपली भाषा का नाही शिकलात? आंटी आम्हाला हे सांगताना शांतपणे म्हणाल्या, "मी तर आपलीच बोलत होते."

सहावीत मी निबंध लिहिला होता, आमचे शेजारी. पहिलंच वाक्य होतं, "आमच्या शेजारी चीनहून आलेले एक कुटुंब राहते." चांगले गुण मिळाले म्हणून मी कौतुकाने तो आंटींना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, आणि मग म्हणाल्या, "चीनहून कोण आलाय गो? मी भायखळ्याला जन्मले. तुझ्या आईच्या आधीपासून मी मुंबईत आहे." हे खरंच होतं. आई लग्न होऊन 1970 साली मुंबईत आली, आंटींचा जन्म 1956 चा. मी खोडरबर घेऊन बसले, पण शाईने लिहिलं होतं.

त्या निबंधामुळे आणखी एक गोष्ट कळली. आंटींना मराठी वाचता येत नव्हतं. कारण त्या दुसरीनंतर शाळेतच गेल्या नव्हत्या. 1962 ची थंडी सुरू झाली आणि वर्गातल्या मुलांनी त्यांना शत्रू ठरवलं. डबा लपवायचे, डोळे ताणून दाखवायचे. एक दिवस त्या रडत घरी आल्या आणि वडील म्हणाले, पुरे. मग दुपारी माझा गृहपाठ चालू असताना त्या शेजारी बसायला लागल्या, पाटी घेऊन. मी त्यांना बाराखडी शिकवली. "झ" त्यांना काही केल्या जमायचा नाही. शेपूट भलतीकडेच जायचं.

अंकल बासष्टबद्दल कधीच बोलायचे नाहीत. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, आणि एका पावसाळी संध्याकाळी लाइट गेलेली असताना ते आपण होऊन बोलले. आवाज अजिबात न चढवता.

ऑक्टोबर 1962 मध्ये युद्ध पेटलं. नोव्हेंबरमध्ये ईशान्येतून, दार्जिलिंग-कालिम्पाँगकडून चिनी वंशाच्या लोकांना उचलायला सुरुवात झाली. भारत संरक्षण कायदा होता. परकीयांसाठीचा कायदाही बदलून घेतला होता. पुढे तर आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण जरी कधीकाळी चिनी नागरिक असला तरी तुमच्यावर बंधनं येणार, इथवर गोष्ट गेली. म्हणजे तुम्ही कुठे जन्मलात, काय बोलता, कुणाशी लग्न केलंत, याला अर्थ नाही. मूळ गाव सांगा. असं करून जवळपास 3,000 माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं. छावणीत मुलं जन्मलीही. शेवटची माणसं सुटेपर्यंत 1967 उजाडलं. खटला कुणावर चालला नाही, कारण आरोपच नव्हता.

अंकल तेव्हा नऊ वर्षांचे. आधी नौगावच्या तुरुंगात, आणि मग सात दिवस गाडीत. काही स्टेशनांवर खिडक्या लावून घ्यायला सांगायचे, कारण बाहेर माणसं ओरडत असायची. "कोण ओरडतंय ते मला बघायचं होतं," अंकल म्हणाले, "पण आईने माझं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं." देवळीचं त्यांना काय आठवत होतं? थंडगार वारा, कच्चा राहिलेला भात, आणि उंट. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला उंट. ते सांगताना साठीकडे झुकलेला तो माणूस क्षणभर नऊ वर्षांचा झाला.

शिलाँगला त्यांच्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं. पोलीस आले तेव्हा वडिलांनी दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. दोन-चार दिवसांत परत येऊ, असंच सगळ्यांना वाटलं होतं. चार वर्षांनी सुटले तेव्हा आतल्या मालाचा लिलाव झालेला, दुकानात दुसराच कुणी बसलेला आणि दारावर नवं कुलूप.

मी मान वळवून पट्टीकडे पाहिलं. मेणबत्तीच्या उजेडात ती गंजकी किल्ली नीट दिसतही नव्हती.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. ज्या घरात न उघडणारी एक किल्ली होती, त्याच घरावर भरवसा ठेवून आम्ही अकरा बिऱ्हाडं आमच्या किल्ल्या तिथे अडकवून निर्धास्त गावाला जात होतो. आणि त्यांनी तो भरवसा तीस वर्षं सांभाळला. आम्हाला त्यांच्याबद्दल काहीही माहीत नसताना.

1963 मध्ये चीनने बोटी पाठवल्या. दोन हजारांवर माणसं त्यांतून गेली, त्यांतल्या अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. अंकलची आत्या त्यात होती. तिकडे परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी शेतावर तिला पाठवलं. पुढे तिथेही संशयाचे दिवस आले, कारण हे बाहेरून आलेले. खूप वर्षांनी हाँगकाँगमार्गे तिचं एक पत्र आलं, त्यात तिने हळद मागितली होती.

मागे राहिलेल्यांना पुढे कित्येक वर्षं पोलीस ठाण्यात हजेरी, शहराबाहेर जायचं तर परवानगी. मग जो तो मुलांना बाहेर धाडायला लागला, कॅनडाला सगळ्यांत जास्त. कोलकात्यात एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती आज दोन-तीन हजारांवर आली आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टांग्र्याचे चामड्याचे कारखाने बानतल्याला हलवायचं ठरलं, तेव्हा उरलेल्यांतले आणखी गेले. तो निकाल प्रदूषणासाठी होता आणि योग्यच होता, पण धंदा उठला की माणूसही उठतो. 1969 पासून निघणारं "सियाँग पाव" हे त्यांचं चिनी दैनिक 2020 मध्ये बंद पडलं. वाचणारेच थोडे राहिले होते.

आंटींची नणंद टोरांटोला असते. तिथे "हक्का" अशी पाटी दिसली की समजायचं, इथे हिरवी मिरची, आलं-लसूण घातलेलं भारतातलं चायनीज मिळेल. ती हॉटेलं कोलकात्याहून गेलेल्यांनीच काढलेली. नणंदबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "हाँगकाँगवाले हमको इंडियन बोलते हैं." आंटींनी विचारलं, मग तू काय म्हणतेस? "मैं बोली, सही बोलते हो." मंचुरियनचंही तसंच. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग 1975 साली मुंबईत एका क्लबात स्वयंपाक करत होते. कुणीतरी काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस नि कॉर्नफ्लोअर घातलं. त्याला चिनी नाही असं म्हणणारे म्हणोत. त्या कढईत त्या माणसाचा जन्म होता, एवढं मला दिसतं.

अंकलच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात पानफुटी लावलेली होती. आम्ही तिचं पान तोडून वहीत दाबून ठेवायचो, आठवड्याने कडेला बारीक रोपं फुटायची. अंकल म्हणाले, हिचं चिनी नाव म्हणजे "जमिनीवर पडेल तिथे मूळ धरणारी". त्यांच्या वडिलांच्या तोंडी वेगळी म्हण असायची, पान गळलं की मुळाशीच जातं. वडील म्हातारपणी मुळाकडे जाऊ म्हणत म्हणत टांग्र्यातच वारले. मुलाने पानफुटी लावली. मी नंतर वाचलं की ही वनस्पती मूळची ना चीनची ना आपली, मादागास्करची आहे. अंकलना हे सांगायचं राहून गेलं.

ते डिसेंबर 2019 मध्ये गेले. त्यानंतर करोना आला, आणि जूनमध्ये गलवान. कोलकात्यात एका तरुणाने आपण कोलकात्यात जन्मलो, चीनला कधी गेलेलोही नाही, असं शर्टावर छापून घेतल्याची बातमी मी वाचली. टांग्र्यातले लोक भारतीय सैन्याच्या बाजूने फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. सत्तरीतली माणसं. ते फोटो पाहून मला रडू आलं. आपल्यापैकी कुणाला असा फलक धरावा लागत नाही. मी आंटींना फोन केला. त्या आता चाळ पाडून झालेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतात. म्हणाल्या, "बरं झालं, हे आधीच गेले. पुन्हा खिडकी लावून घ्यावी लागली असती."

गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याबरोबर अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंग येतं, तेव्हा पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या, उदबत्त्या लावायच्या, जेवण ठेवायचं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात तसंच. आंटींनी डब्यातून भात, तळलेला बोंबील, संत्री आणि एक छोटी बाटली काढली. बोंबील अंकलना फार आवडायचा. मी दगडावरची पानं झाडली, बादलीतल्या पाण्याने अक्षरं धुतली. मधोमध अंकलचं नाव आणि त्याच्या वर त्यांचं मूळ गाव कोरलेलं होतं, मोइयान. हक्कांचा परगणा. चिनी थडग्यावर गाव घालायची पद्धतच आहे. अंकलनी ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही लहानपणीच सोडलेलं.

शेजारी आंटींचं नाव आधीच कोरून ठेवलंय, त्यात लाल रंग भरलेला. माणूस जिवंत असेपर्यंत लाल. ते बघून मला कसंतरी झालं, पण आंटी त्या नावावरची धूळ स्वतःच्याच पदराने पुसत होत्या, घराची पाटी पुसावी तशी. त्यांच्या नावावरची जागा मात्र कोरी होती.

"गाव नाही घातलं?" मी विचारलं, आणि विचारता क्षणी जीभ चावली.

त्यांनी पर्स उघडली. आत चार घड्या घातलेला वहीचा कागद होता. "पाथरवटाला चिनी अक्षरं देतात सगळे. मी म्हटलं, मला जी येतात ती देते." कागद माझ्या हातात दिला. निळ्या पेनने, मोठ्या अक्षरांत, थरथरत्या हाताने देवनागरीत एकच शब्द लिहिला होता. माझगाव.

"झ बघ गो," त्या म्हणाल्या. "त्याचं शेपूट बरोबर गेलंय ना? दगडात कोरलं की मग खोडता येणार नाही."

मी कागद उन्हात धरला. शेपूट थोडं भलतीकडे गेलं होतं. मी पर्समधून पेन काढलं, आंटींनी तो कागद गुडघ्यावर सपाट केला, आणि आम्ही दोघी त्या दगडाला टेकून बसलो, पुन्हा एकदा झ काढायला.